मॉडिफाय केलेलं जुनं रोटरी इंजिन घ्यायचं का? (“डोळे मिटून घे” म्हणणाऱ्यासाठी)

वर्धेचा फिटर:
काल इथं एका पोरानं इचारलं, मुंबईच्या गोदामात माझदाचं १३बी रोटरी इंजिन पडून हाय, ब्रिजपोर्ट केलेलं (म्हंजे हवा आत घ्यायची भोकं कापून मोठी केलेलं), साडेचार लाख म्हनते, जुन्या जिप्सीत टाकायचं हाय, घेऊ का. त्याच्याखाली एका शहान्यानं लिवलं, “डोळे मिटून घे, रोटरीत मोडायले पार्टच नसतात.” रातभर डोक्यात तेच. अबे, पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही, मान्य. पन पिस्टनच्या जागी जो तिकोनी रोटर फिरते त्याच्या तीन टोकायवर ज्या अ‍ॅपेक्स सीलच्या पट्ट्या असतात त्यातली एक गेली का इंजिन खोलाच लागते. अन् ब्रिजपोर्ट कोन्या हातानं कापलं ते कोनाले ठाव? साधा कॉम्प्रेशन गेज लावून फसू नको, तो रोटरच्या तीन तोंडायपैकी (बाजूंपैकी) सगळ्यात मोठा आकडाच दाखवते. एक तोंड मेलं असलं तरी गेज खूश. रोटरीचा वेगळा टेस्टर लागते, तिन्ही आकडे जवळजवळ पाह्यजे.

आर्वीकर:
तो शहाणा मीच. दुबईला असताना तीन वर्षं माझदाची रोटरीवाली आरएक्स-८ चालवली, ९००० आरपीएमपर्यंत, एकदाही रस्त्यात उभी नाही राहिली. माझदाची ७८७बी १९९१ ला ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली, ती काय पिस्टनवर? ज्यांनी जन्मभर डिझेलचे ट्रॅक्टर खोलले त्यांनी यात पडूच नये.

वर्धेचा फिटर:
ट्रॅक्टर खोलले म्हनूनच सांगून राह्यलो. ल मान्सले कंपनीची फौज होती, आर्वीत कोन हाय? अन् तुही दुबईची गाडी कंपनीतून निंगाली तशी होती, हे कापलेलं हाय. फरक समजते का?

चांदा ते बांदा:
आमच्याकडं मे मध्ये पारा ४७ ला टेकतो. रोटरीत अ‍ॅल्युमिनियमची हाउसिंग अन् बिडाच्या प्लेटा एकाआड एक बोल्टनं आवळलेल्या असतात, एकदा ओव्हरहीट झालं की पाण्याची सील गेलीच समजा, मग रोज सकाळी रेडिएटर भरा अन् पांढरा धूर पाहा. जिप्सीचं रेडिएटर पुरणार नाही, मोठं टाका, ऑइल कूलरही टाका. आणि पेट्रोलमध्ये टू-टी तेल मिसळायचं, लुनात टाकायचो तसं.

कपाशीवाला:
पेट्रोल म्हनता कायले, आता त्यात २० टक्के इथेनॉल हाय. माह्या फवारनी पंपाचा कार्बोरेटर एका पावसाळ्यात सडला, टाकीच्या बुडाशी पानी बसलेलं. तीन हजार गेले, कपाशीवर अळी होती तवाच पंप बंद.

मकावाले काका:
पंप वर्षभर टाकी भरून कोपऱ्यात ठेवला असंल. इथेनॉलमुळं मक्याले गिऱ्हाईक आलं ते नाही दिसत?

कपाशीवाला:
काका, २०२५-२६ ले मक्याचा हमीभाव क्विंटलले २४०० जाहीर झाला होता, तुम्हाले व्यापाऱ्यानं किती देल्ले ते लिवा ना इथं. लिवा.

मकावाले काका:
तुले काय करायचं? तू कपाशी पाह्य.

आर्वीकर:
इंजिनावर बोला रे. धागा कोणाचा अन् भांडण कोणाचं!

कपाशीवाला:
इंजिनावरच बोलून राह्यलो. टर्बो असलं अन् ट्यूनिंग जुन्या पेट्रोलवर केलेलं असलं तर ई२० वर (ह्या २० टक्केवाल्या पेट्रोलवर) मिक्श्चर लीन होनार, म्हंजे हवा जास्त अन् इंधन कमी, लीन झालं का नॉकिंग, म्हंजे इंधन अवेळी भडकते, अन् नॉकिंगनं त्याच पट्ट्या तुटतात. पंपानंच शिकवलं हे मले, तुमच्या दुबईनं नाही.

आर्वीकर:
बरं बाबा, ईसीयूचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा, मॅप नवा करावा लागेल. एवढं मान्य, खूश?

वर्धेचा फिटर:
अन् आरटीओ? २०१९ ले सुप्रीम कोर्टानं सांगतलं का कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमंधी बदल चालत नाही. जिप्सीच्या कागदावर हे इंजिन चढंन का?

इचारनारा पोरगा:
रोडवर काढायचीच नाही, वावरातच पळवायची हाय. बाबा म्हनतात साडेचार लाखात दोन बोअर होतात. विकनाऱ्याले टेस्टरच्या तीन-तीन आकड्याचा व्हिडिओ मांगतला तर म्हने, “आवाज ऐक ना भाऊ, आवाजच सांगते.”

वर्धेचा फिटर:
आवाजाचे किती लावले त्यानं?

आर्वीकर:
ब्रिजपोर्टचा आवाज असतोच तसा... पण व्हिडिओ नसेल तर दोन लाखाच्या वर जाऊ नको. आणि हे मी फिटरचं ऐकून सांगत नाहीये.

मकावाले काका:
१९०० देल्ले. झालं समाधान?