'खंडित', 'रद्द' की 'बंद पडलेली'? एका गोल्फ स्पर्धेच्या निमित्ताने

प्रश्न (खारघर) : येथील खारघर व्हॅली गोल्फ कोर्सवर खेळणाऱ्या आमच्या गटासाठी मी अमेरिकेतील 'द इंटरनॅशनल' या व्यावसायिक गोल्फ स्पर्धेच्या इतिहासावर टिपण लिहीत आहे. कोलोरॅडो राज्यातील कॅसल पाइन्स क्लबवर ती १९८६ ते २००६ या काळात दरवर्षी होत असे. त्यानंतर ती झालेली नाही. तिला 'खंडित' म्हणावे, 'रद्द झालेली' म्हणावे की 'बंद पडलेली'?

उत्तर (ठाणे) : 'खंडित' टाळावा. खंड पडतो तो पुढे पुन्हा सुरू होणाऱ्या गोष्टीत. १९६४मध्ये सुरू झालेली 'इंडियन ओपन' करोनाच्या साथीमुळे २०२० ते २०२२ या काळात झाली नाही आणि २०२३मध्ये पुन्हा खेळवली गेली. तिच्यात 'खंड पडला' हे म्हणणे योग्यच आहे. 'रद्द' हा शब्द ठरलेल्या एका आयोजनाला लागतो. २००७च्या जुलैत व्हायची 'द इंटरनॅशनल' त्या वर्षीच्या फेब्रुवारीतच रद्द झाली, हे वाक्य बरोबर आहे. परंतु त्याआधी एकवीस वेळा खेळली गेलेली स्पर्धा रद्द कशी होईल?

राहिला 'बंद', आणि तेथे सगळा भार क्रियापदावर आहे. वागळे इस्टेटमधील एखादा कारखाना 'बंद पडला' असे आपण म्हणतो, तेव्हा चालवणाऱ्यांची इच्छा असली तरी बळ उरले नव्हते, असे ऐकणाऱ्याला कळते. 'बंद केला' म्हटले की निर्णय घेणारा कोणीतरी समोर उभा राहतो. स्पर्धेचे संस्थापक जॅक विकर्स यांना मुख्य प्रायोजक मिळाला नाही आणि त्यामुळेच ती थांबली. म्हणून मी 'बंद पडली' असे लिहीन. 'बंद करण्यात आली' हे सरकारी परिपत्रकाला शोभणारे वाक्य कारण झाकून टाकते.

'वेस्टर्न ओपन'ला मात्र हा शब्द लावू नये. १८९९पासूनची ही स्पर्धा २००६नंतर त्या नावाने झाली नाही, पण २००७पासून 'बीएमडब्ल्यू चॅम्पियनशिप' या नावाने ती चालू आहे आणि जुन्या विजेत्यांची यादीही तिच्याच खात्यावर आहे. तेथे 'नाव बदलले' एवढेच पुरेसे आहे.

आणखी एक मत (ऐरोली) : 'बंद पडली' म्हणण्यासाठी ती गोष्ट काही काळ चालू असायला हवी, हे वरच्या उत्तरात यायला हवे होते. फेब्रुवारी २००८मध्ये दिल्ली गोल्फ क्लबवर झालेली 'इंडियन मास्टर्स' एस. एस. पी. चौरासिया यांनी जिंकली आणि पुढे ती झालीच नाही. तिच्याविषयी 'एकदाच भरली' असेच लिहावे लागेल.

उत्तर (ठाणे) : मान्य. 'भरली' हे क्रियापदही चांगले सुचवलेत. आपल्याकडे कुस्त्या भरतात, तशी स्पर्धाही भरते.

प्रश्न (खारघर) : माझ्या टिपणात 'गुण' हा शब्द वारंवार येतो. गटातील एकाचे म्हणणे असे की गोल्फमध्ये गुण नसतात, फटके असतात.

उत्तर (ठाणे) : एरवी त्यांचे म्हणणे रास्त आहे, ज्याचे फटके कमी, तो पुढे. 'द इंटरनॅशनल'मध्ये मात्र स्टेबलफोर्ड या, फटक्यांऐवजी गुण मोजणाऱ्या पद्धतीची सुधारित आवृत्ती वापरत. खळग्यासाठी ठरवून दिलेल्या फटक्यांत (पार) चेंडू घातल्यास शून्य, एक फटका कमी लागल्यास (बर्डी) २, दोन कमी लागल्यास (ईगल) ५ आणि तीन कमी लागल्यास (अल्बट्रॉस) ८ गुण मिळत. एक फटका जास्त लागल्यास (बोगी) १ गुण वजा होई आणि दोन जास्त लागल्यास (डबल बोगी) किंवा त्याहून वाईट खेळाला ३. बर्डीचा लाभ बोगीच्या हानीहून मोठा असल्यामुळे खेळाडू जोखीम घेत आणि ज्याचे गुण जास्त, तो जिंकत असे. अशा ठिकाणी 'फटके' लिहिल्यास वाचकाला निकालच उलटा समजेल. 'गुण' ठेवावा, 'पार', 'बर्डी', 'बोगी' यांना मराठी प्रतिशब्द घडवण्याच्या फंदात पडू नये.

प्रश्न (खारघर) : २०२४मध्ये कॅसल पाइन्सवर पुन्हा मोठी स्पर्धा झाली. मग 'पुन्हा सुरू झाली' असे लिहावे का?

उत्तर (ठाणे) : नाही. तेथे झाली ती 'बीएमडब्ल्यू चॅम्पियनशिप', म्हणजे वंशाने 'वेस्टर्न ओपन'. 'व्यावसायिक गोल्फ कॅसल पाइन्सवर परतले' असे लिहावे आणि 'द इंटरनॅशनल'पुढे १९८६–२००६ ही वर्षे तशीच ठेवावीत.