मदत हवी आहे: पहाटे गॅसचा अलार्म वाजतो, पण गळती सापडत नाही

नमस्कार मंडळी,

महिन्याभरापूर्वी एक जुनी मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घेतली. शेगडी, फ्रीज, पाण्याचा हीटर, सगळं प्रोपेनवर. गेल्या आठवड्यात तीनदा पहाटे जमिनीलगतचा गॅस अलार्म कोकलला. पहिल्यांदा वासही आला, नासक्या अंड्यासारखा. दिवा न लावता चाचपडत मुलांना उचललं, दार सताड उघडं टाकून बाहेर आलो आणि बाहेरूनच टाकी बंद केली. सकाळी साबणाचं पाणी करून हाताला लागेल तो प्रत्येक जोड भिजवला. एक बुडबुडा नाही. पुढच्या रात्री टाकी बंद ठेवून झोपलो, तरी पहाटे ये रे माझ्या मागल्या!

सासरे म्हणतात अलार्मच बिघडलाय, काढून टाका. मला तेवढं धाडस होत नाही. कुठून सुरुवात करू?

फिरस्ता:
अलार्म अजिबात काढू नका. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, खाली साचून राहतो, म्हणूनच तो अलार्म पायाशी बसवलेला असतो. हवेत साधारण 2 टक्के गॅस झाला की ठिणगी पुरते.

एक विचारतो, रागावू नका. साबण लावताना टाकी उघडी होती ना? मी एकदा बंद टाकीवर अर्धा तास फेस शोधत बसलो होतो. आणि अमोनियावालं क्लीनर वापरू नका, पितळी जोडांना तडे जातात.

मूळ धागाकर्ता:
उघडी होती. पण फ्रीजच्या मागचे जोड दिसतच नाहीत.

फिरस्ता:
मग दाबाची चाचणी करून घ्या, तीही जाणकाराकडून. रेग्युलेटरनंतर दाब 11 इंच पाण्याइतका असतो. सगळी उपकरणं बंद करून टाकी बंद करायची, बर्नरमधून थोडा गॅस सोडून मॅनोमीटर (नळीतल्या पाण्याच्या उंचीवरून दाब दाखवणारं यंत्र) 8 इंचांवर आणायचा आणि बघत बसायचं. हे 8 इंच महत्त्वाचे, नाहीतर रेग्युलेटरच्या मागे अडकलेला जास्तीचा दाब पुढची गळती झाकून टाकतो. पाणी उतरलं तर गळती नक्की, मग जोड दिसो न दिसो.

चाकावरचं घर:
सगळे टाकीच्या मागे लागलेत. टाकी बंद असतानाही वाजला, हे कुणी वाचलं का? घरातली बॅटरी कुठे आहे? लेड-ॲसिडची आहे का? रात्रभर चार्जर चालू असतो का?

मूळ धागाकर्ता:
पलंगाखाली. लेड-ॲसिडचीच. चार्जर कायम चालू. त्याचा काय संबंध?

चाकावरचं घर:
जास्त चार्ज झालेली बॅटरी हायड्रोजन सोडते, कधी हायड्रोजन सल्फाइडही. दुसऱ्याचा वास थेट नासक्या अंड्याचा. प्रोपेनला स्वतःचा वास नसतो. त्यात मुद्दाम मिसळलेलं मरकॅप्टनही गंधकाचंच, म्हणून नाक फसतं. अलार्मही या वायूंना वाजतो. पण याला खोटा अलार्म समजू नका, एक वायू स्फोटक आहे आणि दुसरा विषारी. वास असताना चार्जरची पिन उपटायला जाऊ नका, ठिणगी तिथेच पडते. आधी बाहेर पडा, हवा खेळू द्या. वास पूर्ण गेल्यावर बॅटरी बघा.

मूळ धागाकर्ता:
चाकावरचं घर, तुम्हाला साष्टांग नमस्कार! पलंग उचलला तर बॅटरी फुगलेली, एका बाजूला हात ठेववत नव्हता. एका सेलमध्ये पाणीच नाही. मेकॅनिकने बॅटरी काढून नेली, चार्जर तपासायला ठेवलाय. दाबाची चाचणीही करून घेतली, 8 इंचांवरून तसूभर हललं नाही. तीन रात्री शांत झोपलो.

आता एक उरलं. अलार्म उलटा करून पाहिला, मागे 2014 सालचा शिक्का आहे. बटण दाबल्यावर वाजतो, मग चालेल ना?

फिरस्ता:
नाही. बटणाने फक्त भोंगा आणि सर्किट तपासलं जातं, सेन्सर नाही. सेन्सर 5 ते 7 वर्षांत थकतो. आजच नवा आणा आणि सासऱ्यांना तो जुना काढू द्या, त्यांची तेवढी इच्छा पूर्ण होईल.