मदत हवी आहे: एएमटी गाडी घाटात मॅन्युअल मोडवर कशी उतरवायची?

नमस्कार मंडळी,

15 वर्षं क्लचची गाडी चालवली, यंदा पेट्रोल एएमटी (क्लच पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी) घेतली. कराडच्या गर्दीत डाव्या पायाला आराम आहे, तक्रार नाही. प्रश्न घाटाचा आहे.

मागच्या रविवारी आईबाबांना घेऊन कुंभार्ली घाटातून चिपळूणला गेलो. गाडी पूर्ण वेळ डीवर, म्हणजे गिअर गाडीच ठरवणार. उतारावर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडी आवरायचं सोडून तिसऱ्यातून चौथा घ्यायची. वळण आलं की ब्रेक, वळण सरलं की पुन्हा चौथा. निम्म्या घाटात ब्रेक पेडल नेहमीपेक्षा खोल जायला लागलं. पोफळीला गाडी बाजूला घेतली तर पुढच्या दोन्ही चाकांना जळका वास, रिमजवळ हात नेववत नव्हता. आई मागे डोळे मिटून बसली होती. अर्धा तास थांबलो. गॅरेजवाल्याने नंतर ब्रेक ऑइल बदललं, बाकी ठीक म्हणाला.

जुन्या गाडीत दुसरा टाकून निवांत उतरायचो. इथे लिव्हर डीवरून डावीकडे घेतला की एम (मॅन्युअल), मग प्लसने वरचा, मायनसने खालचा गिअर. पण चालत्या गाडीत एमवर घेतलं तर चालतं का? वेग जास्त असताना मायनस मारला तर गिअरबॉक्सला इजा होईल का? इंजिन ओरडत ठेवलं तर पेट्रोल जास्त जाईल का? शनिवारी परत तोच घाट उतरायचाय, कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद:
दादा, चालत्या गाडीत डीवरून एमवर खुशाल घ्या. एएमटी म्हणजे आपला साधाच गिअरबॉक्स नि क्लच, फक्त क्लच दाबून गिअर टाकायचं काम मशीन करतं. वेग जास्त असेल तर कॉम्प्युटर खालचा गिअर देतच नाही. म्हणून आधी ब्रेकने वेग उतरवा, मग मायनस. आणि हे उतार सुरू व्हायच्या आधी करा. वळणात अजिबात नको, कारण गिअर बदलताना क्षणभर क्लच सुटतो आणि गाडी मोकळी धावते. तुमच्या त्या जोरदार वळणांना दुसराच बरा. ट्रकवाले म्हणतात ना, ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. पेट्रोलची काळजी सोडा, गाडी गिअरमध्ये नि अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढलेला असला की इंजेक्टर पेट्रोल सोडतच नाहीत, चाकंच इंजिन फिरवतात. ब्रेक दाबायचा नि सोडायचा, पाय ठेवून बसायचं नाही. न्यूट्रल तर कधीच नाही.

धागाकर्ता:
मनापासून आभार. दुसऱ्यात आरपीएमचा (इंजिनच्या मिनिटाच्या फेऱ्यांचा) काटा साडेतीन हजारावर गेला तर?

प्रतिसाद:
जाऊ द्या. लाल पट्टा अजून बराच लांब असतो. आवाज ऐकून घाबरून प्लस मारू नका, तो आवाजच गाडी धरून ठेवतोय. आणि परत चढताना घाटात ट्रकमागे अडकलात तर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलू नका, क्लच जळतो. हँडब्रेक ओढा.