सिएना हायब्रिडला छोटा ट्रेलर जोडायचाय, आईबाबा सोबत असतील, ३५०० पौंडांत बसेल का?

एडिसनचा_पुणेकर

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो, गाडी २०२२ ची टोयोटा सिएना हायब्रिड, फ्रंट व्हील ड्राइव्ह. जुलैमधे आईबाबा येतायत आणि यावेळी त्यांना नुसतं मॉल आणि नायगरा न करता शेनान्डोआ नॅशनल पार्कला चार-पाच रात्री जंगलातच मुक्काम करायचा असं मनात आहे. बाबांनी तरुणपणी सह्याद्री पालथा घातलाय त्यामुळे त्यांचा प्रश्नच नाही, काळजी आईची आहे, गुडघ्यांमुळे तिला जमिनीवरून उठता येत नाही आणि रात्री बाथरूमला उठावं लागतं, म्हणजे तिच्यासाठी टेंट बाद. म्हणून छोटा वापरलेला ट्रॅव्हल ट्रेलर शोधतोय, ज्यात नीट बेड आणि टॉयलेट असेल. पिकअप ट्रक घेणं शक्य नाही आणि घ्यायचाही नाही.

मॅन्युअलमधे ३५०० पौंड ओढता येतात असं आहे. एका डीलरकडे १७ फुटी ट्रेलर बघितला, ड्राय वेट (म्हणजे रिकाम्या ट्रेलरचं वजन) २९०० पौंड, सेल्समन म्हणाला ६०० पौंड शिल्लक राहतात, आरामात जाईल. आम्ही सहा जण, मी, बायको, दोन मुलं, आईबाबा. कोणी मिनीव्हॅनने ट्रेलर ओढलाय का? इंजिन दमेल का चढावर? हायब्रिडला काही वेगळं लागतं का? प्लीज खरं काय ते सांगा, पैसे भरायच्या आधी विचारतोय.

दोन_चाकं_जास्तीची

इंजिनाची काळजी सोडा, सिएनाचं इंजिन आणि मोटर मिळून २४५ हॉर्सपॉवर आहे, ओढेल. तुमची अडचण दुसरीकडे आहे आणि ती सेल्समन कधीच सांगत नाही, कारण तो ट्रेलर विकतो, तुमची माणसं त्याच्या हिशेबात नसतात.

ड्रायव्हरचा दरवाजा उघडा. खांबावर पांढरा-पिवळा स्टिकर असेल, त्यावर लिहिलंय की माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाऊ नये. हा पेलोड. आता ट्रेलर गाडीच्या मागे नुसता घरंगळत येत नाही, त्याचं नाक हिचवर (गाडीच्या मागे ट्रेलर अडकवायची लोखंडी जोडणी) दाबून बसतं, त्याला टंग वेट म्हणतात आणि ते भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के असायला हवं. हे पूर्ण वजन पेलोडमधून वजा होतं. म्हणजे गाडीत दोघंच असतील तर ३५०० चा आकडा खरा, सहा जण बसले की तो फक्त कागदावर उरतो.

आणि ड्राय वेट विसराच. त्यात पाणी नाही, गॅस नाही, बऱ्याचदा बॅटरी आणि एसी पण धरलेला नसतो. २९०० चा ट्रेलर गाद्या, भांडी, खुर्च्या, कुलर टाकून ३४०० कधी होतो कळत नाही. त्याच्या १२ टक्के म्हणजे ४०० च्या वर, आणि सिएनाला टंग वेटची मर्यादा ३५० च्या आसपास धरा, हिचच्या लेबलवर आणि मॅन्युअलमधे आहे ते बघून घ्या. थोडक्यात तो १७ फुटी सोडून द्या. स्टिकरवरचा आकडा आणि सगळ्यांची वजनं इथे टाका, मांडून बघू.

स्कॅम्पवाली

आमच्याकडे सिएनाहून लहान व्हॅन आहे, फोर्ड ट्रान्झिट कनेक्ट, टो पॅकेज (ट्रेलर ओढण्यासाठीची कंपनीची जोडणी) असेल तरी ओढते फक्त २००० पौंड. तिच्यामागे आम्ही १३ फुटी स्कॅम्प ओढतो, फायबरग्लासचा अंड्यासारखा गोल ट्रेलर, इथेच मिनेसोटात बॅकसला बनतो. सगळं भरून १८०० च्या आत ठेवतो आणि त्यासाठी प्रत्येक वस्तू मोजून आत जाते, खरंच सांगते, बिडाचा तवा घरी राहतो आणि ॲल्युमिनियमचा कुकर येतो. पण आम्ही दोघंच आहोत, तुमच्यासारखे सहा असते तर या व्हॅनने विचारसुद्धा केला नसता.

वजनाइतकाच महत्त्वाचा वारा. ट्रेलर व्हॅनपेक्षा उंच आणि रुंद असला की ५५-६० च्या वर गाडीला वजन कमी आणि हवाच जास्त ढकलावी लागते. गोल नाकाचा किंवा बुटका ट्रेलर घ्या, सपाट तोंडाचा डब्बा नको. तुमची गॅलनला ३६ मैल देणारी गाडी ट्रेलर मागे असताना विसाच्या आसपास येईल, ते धरूनच चाला.

आईंसाठी एक, पॉप-अप ट्रेलर (घडी करून ठेवायचे, वर कापडी भिंतींचे) हलके असतात आणि स्वस्तात मिळतात म्हणून कोणीतरी सुचवेलच. त्यातले बेड बाहेर सरकणारे आणि उंच असतात, चढून आडवं व्हावं लागतं आणि रात्री अंधारात तसंच उतरावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते नको. बेड सोफ्याच्या उंचीचा हवा आणि टॉयलेट दोन पावलांवर.

एडिसनचा_पुणेकर

वा, हे कोणीच सांगितलं नव्हतं. स्टिकर बघितला, १२८५ पौंड. वजनं अशी, मी १७५, बायको १३५, बाबा १६०, आई १४०, मुलं ९५ आणि ५५. हिच अजून बसवलेला नाही.

दोन_चाकं_जास्तीची

७६० पौंड माणसं. हिच आणि बॉल माउंट (ट्रेलरचं नाक ज्या गोळ्यावर बसतं तो भाग) गाडीचाच भार, ४० धरा, झाले ८००. उरले ४८५. त्यात टंग वेट आणि गाडीतलं सामान दोन्ही.

भरलेला ट्रेलर २४०० चा धरला तर १२ टक्क्यांनी २८८. मग गाडीत सामानाला १९७ उरतात, म्हणजे बॅगा, खाऊ, मुलांचं सटरफटर, आईंची औषधं, एवढं बसतं. ३३०० चा घेतलात तर ३९६ टंग, ते हिचच्या मर्यादेबाहेर आणि वर सामानाला ८९ पौंड. सहा माणसांना चार-पाच रात्रींसाठी ८९ पौंडात काय होणार. म्हणून तुमचा खरा आकडा ३५०० नाही, भरून २४००, फार तर २५००. यात न्यूकॅम्पचा टॅब ३२० एस बसतो (ओहायोत शुगरक्रीकला बनतो, आत टॉयलेट-शॉवर एकत्र आहे) किंवा बाथरूमवाला १३ फुटी स्कॅम्प. दोन्हीत आईबाबा आत झोपतील आणि तुम्ही चौघं शेजारी टेंट टाका, मुलांना तेच जास्त आवडेल.

जड सामान डिकीत शेवटच्या सीटमागे कोंबू नका. हिच मागच्या ॲक्सलच्याही मागे असतो, तिथे भार पडला की गाडीचं पुढचं टोक हलकं होतं आणि तुमची फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे जी चाकं ओढतात आणि वळवतात त्यांचीच पकड कमी होते. ओल्या गवतावर चढताना आणि पावसात वळणावर लगेच जाणवतं. जड ते ट्रेलरच्या ॲक्सलवर किंवा किंचित पुढे, खाली जमिनीलगत. ट्रेलरमधे साधारण ६० टक्के वजन ॲक्सलच्या पुढे हवं. बैलगाडी मागून जड झाली की उलाळ होते तसंच इथे, फरक एवढाच की इथे ते ६० मैलांच्या वेगात होतं आणि ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो. डोलायला लागलाच तर गाडीचा ब्रेक दाबू नका, स्टिअरिंगने सावरायला जाऊ नका, ॲक्सिलरेटर सोडा आणि फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लावा.

गॅरेज_काका

शेवटचं वाक्य वाचलं म्हणून लिहितो, ट्रेलरचे ब्रेक हाताने लावायचे तर आधी ते असायला पाहिजेत. अडीच हजारांच्या खाली असला तरी इलेक्ट्रिक ब्रेकवालाच ट्रेलर घे बाबा. कायदा राज्याराज्यात वेगळा, बऱ्याच ठिकाणी ३००० पौंडांपासून सक्ती आहे, कॅलिफोर्नियात कॅम्पिंग ट्रेलरला १५०० पासूनच. पण कायद्यासाठी नको, सहा माणसं गाडीत आहेत म्हणून घे. सिएनाचे ब्रेक सिएना थांबवण्यासाठी आहेत.

ब्रेक म्हणजे ४ पिनचं वायरिंग (ते फक्त दिव्यांपुरतं) चालणार नाही, ७ पिन लागेल, बॅटरीपासून फ्यूज टाकून वेगळी वायर मागे आणायची. दिव्यांच्या वायरी कापून थेट जोडणारा कोणी भेटला तर गाडी त्याच्याकडे देऊ नको, नव्या गाड्यांत दिव्यांचा करंट कॉम्प्युटर बघत असतो, पॉवर्ड कन्व्हर्टर मॉड्यूलच (ट्रेलरच्या दिव्यांना बॅटरीतून वेगळी वीज देणारा डबा) लावायचं. ब्रेक कंट्रोलरसाठी (गाडीतून ट्रेलरचे ब्रेक चालवणारं यंत्र) डॅशबोर्ड फोडायची गरज नाही, कर्टचा एको ७ पिनच्या सॉकेटवरच बसतो आणि फोनवरून चालतो. मात्र हाताने ब्रेक लावायचं बटण फोनच्या स्क्रीनवर असतं ते मला मनापासून पटत नाही, म्हणून मी टेकॉन्शाचा वायरलेस प्रॉडिजी सुचवीन, त्याचा कंट्रोल हाताशी ठेवता येतो.

हिच २ इंची रिसीव्हरचा (बॉल माउंट ज्यात बसतो ते चौकोनी भोक) घे. आणि बाकी सगळं जमलं की एकदा ट्रक स्टॉपवर कॅट स्केलवर (ट्रकचा वजनकाटा) वजन कर, पंधराएक डॉलर लागतात, पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल, ट्रेलरचा ॲक्सल असे वेगवेगळे आकडे छापून मिळतात. माणसांसकट कर, आईबाबांना पण बसव. मग तिथेच ट्रेलर सोडून परत एकदा कर, दोन कागद समोर ठेवले की टंग वेट आपोआप कळतं. इंटरनेटवर कितीही चर्चा केली तरी त्या कागदाइतकं खरं काही नाही.

ब्लूरिज_भटके

शेनान्डोआबद्दल. एडिसनवरून हायवे २८७, मग ७८ आणि ८१ असंच या. मॅपने ९५ ने बाल्टिमोरमधून पाठवलं तर जाऊ नका, तिथल्या बोगद्यांत १० पौंडांपेक्षा मोठा प्रोपेनचा सिलिंडर चालत नाही आणि ट्रेलरवरचा साधा सिलिंडरच २० पौंडी असतो. परत न्यूयॉर्क-कनेटिकटच्या बाजूला कधी गेलात तर तिकडच्या पार्कवेंवर, मेरिटवर सुद्धा, ट्रेलरला बंदी आहे हे लक्षात ठेवा.

बिग मेडोजचा कॅम्पग्राउंड घ्या, साधारण ३५०० फुटांवर, जुलैतही रात्री गार असतं. वीज कुठल्याच साइटला नाही, म्हणजे एसी चालणार नाही पण तिथे लागत पण नाही. पाणी घरून भरून आणू नका, २० गॅलन म्हणजे १६७ पौंड, वर पोचल्यावर भरा, निघताना तिथेच डंप स्टेशनवर (टाक्यांतलं सांडपाणी सोडायची जागा) सगळं रिकामं करून हलके होऊन उतरा.

स्कायलाइन ड्राइव्ह १०५ मैलांचा आणि वेग ३५. फ्रंट रॉयलहून शिरलात तर बिग मेडोजपर्यंत ५१ मैल नुसती वळणं, आजीआजोबा आणि मुलं दोघांनाही जड जाईल. ८१ ने हॅरिसनबर्गपर्यंत खाली जा, ३३ ने स्विफ्ट रन गॅपला चढा, तिथून उत्तरेला १४ मैल. मेरीज रॉक बोगदा या वाटेत येत नाही, आला तरी १२ फूट ८ इंच उंची आहे, तुमच्या ट्रेलरला काही होत नाही.

उतारावर हायब्रिडची एक गोष्ट माहीत असू द्या. सुरुवातीला गाडी स्वतःच बॅटरीत वीज भरत वेग धरते, लांब उतारावर बॅटरी भरली की ते बंद होतं आणि इंजिन एकदम जोरात आवाज करत फिरायला लागतं. घाबरू नका, ते इंजिन ब्रेकिंग आहे. गिअरचा लिव्हर 'एस'मधे घेऊन उताराच्या आधीच हळू व्हा, ब्रेक धरून ठेवू नका, दाबा-सोडा करा. आणि ट्रेलर मागे असताना क्रूझ कंट्रोल बंद.

एडिसनचा_पुणेकर

मंडळी खूप खूप आभार. १७ फुटीवाल्याला नाही कळवलं. पेनसिल्व्हेनियात एक २०१८ चा टॅब ३२० एस मिळतोय, इलेक्ट्रिक ब्रेक आहेत, शनिवारी बघायला जातोय. हिच आणि ७ पिनचं काम त्याआधी करून घेतो. बघताना काय तपासू?

गॅरेज_काका

टायर आधी. बाजूला डॉट कोडच्या शेवटी चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष, ४६१७ म्हणजे २०१७ चा ४६ वा आठवडा. वरून कितीही नवे दिसले तरी सहा वर्षांच्या वरचे असतील तर बदलायचेच, तेवढे किमतीतून कमी करून माग. मग आत शिर, गाद्या उचल, कोपऱ्यात आणि खिडकीखाली अंगठ्याने दाबून बघ, कुठे मऊ लागलं तर पाणी मुरलंय, तिथून मागे फिर. टॉयलेटमधे पाणी टाकून बघ. फ्रिज गॅसवर सुरू करायला लाव आणि बाकीचं बघत अर्धा तास थांब, डोंगरावर वीज नाही, तो गॅसवर चाललाच पाहिजे. ब्रेक तुझ्या कंट्रोलरला जोडून त्यांच्या आवारातच लावून बघ. स्पेअर चाक आणि जॅक आहे का विचार, सिएनाच्या जॅकच्या भरवशावर राहू नको. घरी आणताना ५० मैलांवर थांबून चाकाचे नट परत टॉर्क रेंचने आवळ.

आणि जमलं तर आईंना पण ने शनिवारी, नाही आल्या असतील अजून तर बेडची आणि टॉयलेटच्या पायरीची उंची टेपने मोजून फोनवर कळव त्यांना.