मॉवरच्या डेकला मोठी कॅस्टर चाकं बसवायची आहेत, कुणी केलंय का?

धागाकर्ता

नमस्कार मंडळी. माझ्याकडे छोटा ट्रॅक्टर आहे आणि मागे थ्री पॉइंटला (तीन दांड्यांच्या जोडणीला) पाच फुटी मॉवर, म्हणजे गवत कापायचं यंत्र. त्याच्या डेकच्या (पात्यांवरच्या पत्र्याच्या आवरणाच्या) चारही कोपऱ्यांत ८ इंची भरीव रबरी कॅस्टर, म्हणजे उभ्या पिनवर गोल फिरणारी चाकं आहेत. जमीन जुन्या शेताची, वर गवत असलं तरी खाली सऱ्या तशाच राहिल्यात, शिवाय उंदरांची बिळं. पुढचं चाक खड्ड्यात गेलं की डेकची कड जमिनीला घासते आणि गवताला टक्कल पडतं. ओल असली की ही अरुंद चाकं मातीत रेघा ओढतात ते वेगळंच.

१३x५.००-६ मापाचे हवेचे टायर लावावेत असा विचार आहे. चाक धरणारा फोर्क नवीन करावा लागेल हे कळतंय. पण डेकची उंची किती वाढेल? आणि हवा की भरीव?

नटबोल्ट

मोठ्या चाकाने फरक पडतो, पण कुठे पडतो ते आधी बघा. सहा इंच रुंद खड्ड्यावरून ८ इंची चाक गेलं तर ते साधारण ३४ मिमी खाली बसतं. १३ इंची चाक तिथेच १९ मिमी बसतं. खड्डा आठ इंचांचा असेल तर छोटं चाक अख्खं आत, मोठं मात्र कडांवर टेकून निघून जातं.

सरी आडवी ओलांडत असाल तर हा हिशोब लागू. सरीच्या दिशेनेच चालवत असाल तर चाकाचा व्यास कितीही वाढवा, उपयोग नाही. तिथे रुंदी कामाला येते. तुमचं निवडलेलं चाक पाच इंच रुंद आहे, म्हणजे ओल्या मातीतल्या रेघांचा प्रश्नही बराच सुटेल.

जुना फिटर

चाकं विकत घेण्याआधी एक विचारतो. टॉप लिंक (थ्री पॉइंटचा वरचा दांडा) कशी आहे? ताठ आटे असलेली की खाच असलेली?

धागाकर्ता

ताठ. ट्रॅक्टरबरोबर आली तीच.

जुना फिटर

मग अर्धा आजार तिथेच आहे. मागचा मॉवर स्वतःच्या चाकांवर चालला पाहिजे, ट्रॅक्टरला लटकून नाही. ट्रॅक्टरचं पुढचं चाक सरीत उतरलं की ट्रॅक्टर पुढे झुकतो आणि ताठ टॉप लिंक डेकचा मागचा भाग उचलते. मग पुढची कड घासणारच, त्यात बिचाऱ्या चाकाचा काय दोष? टॉप लिंकच्या जागी लांब खाच असलेला तुकडा किंवा चांगली जाड साखळी लावा, म्हणजे डेक मागे-पुढे मोकळा डुलेल. साखळी फार सैल सोडू नका, डेक उचलल्यावर मागची चाकंही जमिनीपासून सुटली पाहिजेत. हायड्रॉलिकचा दांडा पूर्ण खाली टाकून चालवा, मध्येच अडकवून ठेवायचा नाही. हे करून एक दिवस गवत कापा, मग चाकांचं बोलू.

वेल्डिंगवाला

फिटरकाकांशी सहमत. तरी फोर्क करायचाच झाला तर उंचीचं गणित लिहून ठेवतो, इथे बहुतेक जण चुकतात.

त्रिज्या ४ वरून साडेसहा झाली, म्हणजे आस अडीच इंच वर गेली. लोक इथेच थांबतात. पण फोर्कचा माथा टायरच्या वर असतो आणि टायरचा माथा पाच इंच वर गेलाय. त्यामुळे ज्या नळीत कॅस्टरची उभी पिन फिरते ती नळी डेकच्या मानाने साडेचार-पाच इंच वर न्यावी लागेल. नुसते पिनवरचे स्पेसर खालचे वर करून एवढं अंतर भरून निघत नाही. नळीचा हात कापून वर घ्यायचा आणि खाली त्रिकोणी पट्टी द्यायची. उंच हातावर चाकाचा धक्का जास्त जोराने येतो. पट्टी दिली नाहीत तर डेकचा पत्रा फाटेल, हात तसाच राहील.

दुसरं म्हणजे पिनच्या रेषेपासून आस किती मागे ठेवायची. ८ इंची चाकाला अडीच इंच असेल तर १३ इंचीला चारच्या आसपास ठेवा. कमी ठेवलंत की वेगात चाक थरथरायला लागतं, सामानाच्या ट्रॉलीचं एक चाक वेड्यासारखं फडफडतं ना, तसं. जास्त ठेवलंत की फिरायला जागा लागते. आधी चाक पिनभोवती साडेसहा इंच त्रिज्येच्या वर्तुळात फिरत होतं, आता साडेदहा लागतील.

नटबोल्ट

आणि हे वर्तुळ पूर्ण फिरवून बघा, नुसतं पुढे जातानाचं नाही. रिव्हर्स घेतलात की कॅस्टर उलटी फिरतात. पुढची चाकं ट्रॅक्टरच्या मागच्या टायरकडे येतात, मागची डेकच्या अंगावर. डेक खाली असताना एकदा आणि पूर्ण उचलून एकदा, हाताने गोल फिरवा. उचललेल्या डेकखाली टेकू दिल्याशिवाय हात घालायचा नाही, इंजिन बंद, किल्ली खिशात.

हिरवळप्रेमी

माझी फजिती ऐका. माझा मॉवर ट्रॅक्टरच्या पोटाखालचा. मोठ्या उत्साहात समोर ११ इंची चाकं लावली. सरळ रेषेत झकास. पहिल्याच वळणावर ट्रॅक्टरचं पुढचं चाक कॅस्टरवर चढलं आणि फोर्क वाकला. नंतर पुस्तिका वाचली (आधी कोण वाचतो?) तर कळलं की त्या डेकची चाकं भार घेण्यासाठी नसतातच. डेक लटकलेला असतो, चाकं जमिनीपासून थोडी वर ठेवायची, उंचवट्यावर पातं घासू नये एवढंच त्यांचं काम. पोटाखालच्या डेकवाल्यांनी या धाग्यावरून स्फूर्ती घेऊ नये.

हवा की भरीव? काटे असतील तर भरीव किंवा फोम भरलेलं. हवेचं चाक धक्का मऊ घेतं, पण एका बाजूची हवा कमी झाली की डेक तिरका आणि कापणीला पायऱ्या. दर वेळी दाब तपासायचा कंटाळा असेल तर हवेच्या नादाला लागू नका.

वेल्डिंगवाला

वेल्डिंगला डेक ट्रॅक्टरपासून सोडवा. अर्थ क्लॅम्प टाक्याच्या जवळ लावा, नाहीतर करंट पात्याच्या बेअरिंगमधून जाऊन त्याची वाट लावतो. डेकखालचं वाळकं गवत आणि ग्रीस आधी खरवडा, पेट घेतं. आणि हात बसवताना पुढच्या संरक्षक साखळ्या कापू नका, दगड तिथूनच उडतात.

धागाकर्ता (तीन आठवड्यांनी)

सगळ्यांचे आभार. आधी खाचेची टॉप लिंक लावली. टक्कल पडणं निम्म्याहून कमी झालं, फिटरकाका, तुमचं बरोबर होतं. ओल्या भागातल्या रेघा मात्र तशाच, म्हणून पुढची दोनच चाकं १३ इंची केली, फोम भरलेली. आस चार इंच मागे, नळी पावणेपाच इंच वर. मागची जुनीच ठेवली.

सपाट काँक्रीटवर ठेवून पात्याची टोकं मोजली. पुढचं टोक मागच्यापेक्षा ८ मिमी खाली आलं, तसंच ठेवलं. पहिल्यांदा डावी-उजवीकडे ५ मिमीचा फरक होता, एका पिनवर वॉशर चढवून काढला.

डावं चाक रिव्हर्समध्ये ट्रॅक्टरच्या टायरला बोटभर अंतराने चुकतं. हे पुरेल का?

जुना फिटर

नाही. थ्री पॉइंटच्या बाजूच्या साखळ्या सैल असतील तर वळणावर डेक बोटभर सहज सरकतो. आधी त्या ताणा, मग परत मोजा.

धागाकर्ता

ताणल्या. आता चार बोटं. एक ग्रीस निपल (ग्रीस भरायचं तोंड) मात्र त्रिकोणी पट्टीच्या मागे गेलंय, ग्रीस गन पोहोचत नाही. पट्टीला भोक पाडावं लागणार.