स्टीलची साधी रोड बाईक घ्यायचीय, सगळं काम घरीच करायचंय, काय बघून घेऊ?

नेरूळ_पहाटे
नमस्कार मंडळी. राहायला नेरूळ, ऑफिस ऐरोलीत, आठवड्यातनं तीन दिवस सायकलनेच जातो आणि रविवारी पाम बीच रोड, कधी खारघर. सध्याची सायकल कार्बनची आहे, हौसेने घेतलेली, पण तिचा बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस ज्यात फिरतो तो बेअरिंगचा भाग, थोडक्यात बीबी) प्रेस-फिट, म्हणजे आटेच नाहीत, बेअरिंग फ्रेममध्ये दाबून बसवलेलं. दर पावसाळ्यात जोर लावला की कर्र कर्र सुरू, मग दुकानात टाका, चार दिवस थांबा, पैसे द्या आणि ऑगस्टमध्ये परत तेच. वडील गॅलरीत पेपर पसरून सायकलचे छर्रे रॉकेलमध्ये धुवायचे, ग्रीस भरून परत बसवायचे, मला तशी हाताखालची सायकल हवीय. बजेट २५ हजार, सेकंडहँड चालेल. क्रोमोली, रेनॉल्ड्स, हाय-टेन अशी स्टीलच्या नळ्यांची नावं वाचून गोंधळलोय. नक्की काय बघू?

येऊरचा_चढ
दादा, नळीचं नाव नंतर बघा, आधी मापं. क्रोमोली आणि हाय-टेन दोन्हीचा कडकपणा जवळपास सारखाच असतो, क्रोमोलीची ताकद जास्त म्हणून नळी पातळ ठेवता येते आणि वजन वाचतं, एवढाच फरक. मिळाली तर उत्तमच, पण त्यासाठी अडून बसू नका.

बॉटम ब्रॅकेटचं शेल, म्हणजे तो बसतो ती फ्रेममधली आडवी नळी, तिची रुंदी मोजा. ६८ मिमी आणि इंग्लिश आटे असतील तर चौकोनी टेपरचा (आसाची टोकं चौकोनी निमुळती) सीलबंद बीबी बसतो, स्वस्त आहे, वर्षानुवर्षं चालतो. ७० मिमी निघालं तर बहुतेक इटालियन, ती सोडून द्या, पार्ट शोधत फिराल. आणि इंग्लिशमध्ये उजवीकडची कटोरी (बीबी धरून ठेवणारा आट्यांचा कप) उलट्या आट्याची असते हे डोक्यात पक्कं बसवा, मी पहिल्यांदा अर्धा तास चुकीच्या दिशेला जोर लावत होतो आणि पान्याने बोटं सोलून घेतली. डाव्या पेडलचंही तेच, उलटे आटे.

मग मागच्या चाकाची जागा. जुन्या सहा-सात गिअरवाल्यांची १२६ मिमी, नंतरच्या रोड बाईकची १३०. फ्रेम स्टीलची असेल तर ही ४ मिमी उघडता येते, दोन्ही बाजूंना २-२, आणि शेवटी दोन्ही ड्रॉपआउट (चाकाचा आस बसतो त्या खाचा) समांतर आहेत ना ते तपासायचं. अॅल्युमिनियमला असं कधीच करू नका. माझी अशीच उघडलीय, आठ गिअरचा कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) टाकलाय, येऊरला आरामात चढते.

चेंदणी_खाडी
गंजाचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो, आपल्याकडे खाडीची हवा आणि चार महिने पाऊस, त्यात स्टील म्हणजे आतून बघितल्याशिवाय पैसे द्यायचेच नाहीत. सीटपोस्ट बाहेर काढायला लावा आणि मोबाईलचा टॉर्च नळीत मारा. पाणी सगळं उतरून बीबीच्या शेलमध्ये साचतं, तिथे खालून पेंट फुगलाय का बघा. वरवरचा तांबूसपणा घासून जातो, पापुद्रे निघत असतील तर नमस्कार करून निघा.

अजून एक, पुढच्या चिमट्याच्या मागे, वरची आणि खालची नळी जिथे सुरू होते तिथे खालच्या अंगाने बोट फिरवा. फुगवटा किंवा सुरकुती लागली तर सायकल समोरून कुठेतरी जोरात धडकलेली आहे. आणि चाक काढता आलं तर एका ड्रॉपआउटपासून दोरा हेड ट्यूबला (हँडलखालची नळी) वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला ताणून बांधा, सीट ट्यूबपासून (सीटखालची नळी) दोन्हीकडचं अंतर सारखं यायला हवं.

कोपरखैरणे_सेक्टर
मला वाटतं स्टीलचा हट्ट कशाला, आट्यांचा बीबी आणि साधे रिम ब्रेक असलेली अॅल्युमिनियम घेतली तरी सगळं घरीच होतं. तुमचा त्रास कार्बनमुळे नाहीये, प्रेस-फिटमुळे आहे.

येऊरचा_चढ
हे खरंय, मान्य. पण जुना हँगर (मागचा गिअर अडकवतात तो फ्रेमचा भाग) वाकला की स्टीलचा बहुतेक वेळा सरळ करता येतो, अॅल्युमिनियमचा तुटायची भीती. वीस वर्षं ठेवायची असेल तर मी स्टीलच म्हणेन.

नेरूळ_पहाटे
सगळ्यांचे आभार, शनिवारी दोन बघून आलो. पहिली ठाण्यात वसंत विहारला, दिसायला एकदम देखणी, पण अॅल्युमिनियमचा सीटपोस्ट आत असा बसलाय की दोघांनी जोर लावूनही हलला नाही. दोरा तुमच्यामुळेच लावला, ३ मिमीचा फरक आला. सोडली. दुसरी पनवेलला, आतून कोरडी, बोटाला काहीच लागलं नाही, शेल ६८, मागे १२६. पण टायरवर ६३० लिहिलंय आणि रिम चकचकीत क्रोमच्या आहेत. हे कसं?

चेंदणी_खाडी
६३० म्हणजे जुनं २७ इंची. क्रोमच्या स्टील रिमवर पावसात ब्रेक जवळजवळ लागतच नाहीत, म्हणून त्या रिम बदलायच्याच, तो खर्च धरूनच भाव करा. ७०० सी (हल्लीच्या रोड बाईकचं नेहमीचं माप) टाकलीत की माप ६२२ होतं, व्यासात ८ मिमी कमी, म्हणजे रिमची कड ४ मिमी आत जाते, तर ब्रेकचे रबर खाली सरकवायला ४ मिमी जागा आहे का ते मोजा. असेल तर घेऊन टाका, टायरही मग कुठेही मिळतील. सीटपोस्टला पहिल्याच दिवशी ग्रीस लावा, नाहीतर वसंत विहारचीच गत.

नेरूळ_पहाटे
काल परत जाऊन मोजलं, ७ मिमी जागा आहे. साडेआठ हजारात घेतली, चाकं आणि बीबीला बाकीचे पैसे राहतायत. सीटपोस्ट काढलाय, ग्रीस लावून झालं. आता उजवी कटोरी उघडायला बसतोय, घड्याळाच्या दिशेने फिरवली की सैल होणार ना?

येऊरचा_चढ
हो, घड्याळाच्या दिशेने. आधी तेल सोडून रात्रभर ठेवा, घाई करू नका.