ताकदवान पात्राला खोट कुठून द्यायची? माझी नायिका जरा जास्तच भारी झालीय

केळीबाग_लेखिका (रावेर तालुका):
नमस्कार मंडळी, दोन वर्षं झाली एक कादंबरी लिहितेय. नायिका रुखमा, तिला वारा अडवता येतो. आमच्याकडे मे-जूनमध्ये वादळ आलं की निसवलेली केळ घडासकट आडवी होते, वर्षाची मेहनत अर्ध्या तासात जमिनीवर, तर ही पोरगी बांधावर उभी राहून हात वर करते आणि वारा थांबतो. पहिले तीन प्रसंग लिहिताना मला स्वतःला काटा आला. पण चुलत दिराला वाचायला दिलं तर तो म्हणे, वहिनी, हिला काही होणारच नाहीये हे कळलं ना आता, मग पुढे काय वाचू. मग मी तिला पालीची भीती दिली, मग एक पाय अधू केला, पण दोन्ही वरून चिकटवल्यासारखं वाटतंय, पाय अधू असला तरी वारा थांबतोच ना! पाच प्रकरणं झालीत, आता हे नीट न करता पुढे जाववत नाही. कोणी सांगेल का खोट आणायची कुठून?

सातपुड्याचा_वारा (नंदुरबार):
ताई, आमच्या धडगावकडचा अस्तंब्याचा डोंगर माहिती असेल, दिवाळीत लोक पायी चढतात. तिथं अश्वत्थामा फिरतो, कपाळावरच्या जखमेला तेल मागतो, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. आता त्याची ताकद बघा. कपाळावर असा मणी की शस्त्राचं, रोगाचं, भुकेचं भय नाही. पण महाभारतात त्याची खरी खोट कुठे दिसते तर अस्त्र सोडल्यावर. अर्जुन आपलं अस्त्र मागे घेतो, याला ते जमतच नाही, मग तो ते उत्तरेच्या गर्भावर वळवतो. सोडता येतं, आवरता येत नाही. आणि हाच तो पोरगा ज्याला लहानपणी दूध म्हणून पाण्यात कालवलेलं पीठ पाजलं होतं आणि तो दूध प्यालो म्हणून नाचला होता. मला त्याचा राग येतो, झोपलेली पोरं मारली त्यानं, पण ते पीठ आठवलं की नुसता राग राहत नाही. तुमच्या रुखमाचं पीठ कोणतं ते शोधा, पाल नका शोधू.

आखाड्याची_माती (पारोळा):
भाऊंचं बरोबर आहे, मी घरातलं सांगतो. माझे वडील पहिलवान, जत्रेतल्या कुस्त्यांमध्ये त्यांचं नाव होतं. वय झाल्यावर खांदा गेला, हात वर जाईना, सदऱ्याचं वरचं बटण लागायचं नाही. आई लावायला पुढे आली की भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे आणि एका हाताने दहा-दहा मिनिटं खटपट करायचे, आई मागे तशीच उभी. दवाखान्यात चला म्हटलं तर एकच, 'माले काही व्हत नही'. आयुष्यभर शिकले काय तर पाठ टेकू द्यायची नाही, ज्या हट्टानं कुस्त्या जिंकल्या त्याच हट्टानं खांदा कायमचा गेला. ताकद आणि खोट एकाच मातीतली असते हो ताई, वेगळी आणायला जाऊ नका.

रात्रपाळी_वाचक (जळगाव):
थोडं वेगळं मत. शरीराची कमजोरी लगेच टाकून देऊ नका. सुपरमॅन 1938 साली आला, त्याला हतबल करणारा क्रिप्टोनाइट दगड 1943 ला आधी रेडिओ मालिकेत आला आणि कॉमिकमध्ये 1949 ला, म्हणजे त्याच्या लेखकांनाही तुमचीच अडचण आली असणार. पण तो दगड कुठला? त्याच्याच फुटलेल्या ग्रहाचा तुकडा. जे घर गेलं तेच येऊन टोचतं, म्हणून तो दगड लक्षात राहतो. दुसरा कुठलाही विषारी दगड असता तर मी तरी विसरलो असतो. अजून एक, खोटेमुळे पात्राचं काहीतरी जायला पाहिजे, तेही परत न येणारं, नाहीतर ती नुसती सवय.

केळीबाग_लेखिका:
सगळ्यांचे मनापासून आभार. आखाडावाले दादा, ते बटणाचं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. काल रात्री बसून हे सुचलं: रुखमा नऊ वर्षांची असताना बाग झोपली, बाप बांधावर डोकं धरून बसला आणि गावातलं कोणीही आलं नाही. तेव्हापासून ती कोणाला हाक मारत नाही. वादळाची चाहूल लागली की सगळ्यांना म्हणते, झोपा, मी आहे ना. मग गावानं केळीला टेकू लावणंच सोडलं, बांबू कोणी विकत घेईना, रुखमा आहे ना! आणि एका रात्री तिला ताप भरतो, उठवत नाही, तरी ती शेजारच्या काकांना उठवत नाही, दाराशी पडून एकटीच हात वर करत राहते.

सकाळी काकांच्या बागेत ती जाते तर कोवळे घड चिखलात, पानं फाटून लोळलेली. ती काही बोलायच्या आत काका विचारतात, 'ताप उतरला का पोरी? चहा घेशील?'

इथं प्रकरण संपवलंय. अधू पाय काढून टाकला.

आखाड्याची_माती:
ताई, तिला तो चहा घेऊ द्या. आणि हे प्रकरण पूर्ण झालं की इथं टाका, मी आईला वाचून दाखवीन.